फौजेतला पूर्वज आणि गावचं दप्तर

‘बसऱ्याच्या (आजच्या इराकमधल्या) लढाईला गेला तो परत आलाच नाही.’ सातारा, रत्नागिरी, रायगड, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत पहिल्या महायुद्धाची आठवण एवढीच उरली आहे. नाव धड आठवत नाही, पलटण माहीत नाही. नातं तेवढं सांगता येतं: पणजोबांचा धाकटा भाऊ, नाहीतर आजीचा चुलता. अशा माणसाचा कागदोपत्री माग काढता येतो. मात्र तो बहुतेक लोक जिथून सुरू करतात तिथून, म्हणजे इंटरनेटवर नाव टाकून, सहसा लागत नाही. लष्करी नोंदीत मराठी शिपाई पक्का होतो तो बापाच्या नावानं आणि गावानं. ही दोन्ही घरच्या आणि गावच्या दप्तरातून आधी ठरवून घ्यावी लागतात.

घरात पहिल्यांदा पाहायची ती पदकं. १९१४–१८ च्या युद्धाचं चांदीचं ‘ब्रिटिश वॉर मेडल’ आणि काशाचं ‘व्हिक्टरी मेडल’ या दोन्हींच्या कडेवर, जिथे नाण्याला दाते असतात त्या जागी, बारीक रोमन अक्षरं ठोकलेली असतात. आधी शिपायाचा नंबर, मग हुद्दा, मग नाव, शेवटी पलटण. ‘१९१४–१५ स्टार’ला अशी कड नसते, त्याच्या सपाट पाठीवर हीच माहिती असते. अक्षरं झिजलेली असतील तर पदक काळ्या कापडावर ठेवून दिव्याचा उजेड एका बाजूनं तिरका पाडावा आणि पदक थोडं थोडं फिरवत फोटो काढावेत. सरळ उजेडात जे अजिबात दिसत नाही ते तिरक्या उजेडात वाचता येतं. चिंच-मीठ लावून घासणं हा पदकावरचा सगळ्यात मोठा अत्याचार आहे, प्रत्येक घासणीला अक्षरांची धार जाते. वॉर मेडल चांदीऐवजी काशाचं असेल तर तो माणूस बहुधा लेबर किंवा पोर्टर कोअरसारख्या बिनलढाऊ तुकडीत होता, तेव्हा शोध पलटणीत न करता तिकडे करायचा. तळहाताएवढी, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची जाड चकती घरात असेल तर ती मृत सैनिकाच्या वारसांना दिलेली स्मृतिचकती. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा नाही आणि नंबरही नाही.

नंबर सापडला तरी तो एकटा उपयोगाचा नाही. त्या काळी शिपायांचे नंबर पलटणीपुरते असत, म्हणजे एकच आकडा दहा पलटणींत दहा जणांना मिळालेला असे. बदली झाली की नंबरही बदले. म्हणून नंबर टिपताना पुढची पलटण शब्दशः टिपायची, ‘मराठा पलटण’ असं मोघम लिहायचं नाही. १९२२ पूर्वी १०३, १०५ आणि ११० या ‘मराठा लाइट इन्फंट्री’ आणि ११४, ११६, ११७ या ‘मराठा’ पलटणी होत्या. १९२२ च्या फेररचनेत त्या ‘५ मराठा लाइट इन्फंट्री’त आल्या: १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी आणि ११४ ची प्रशिक्षण बटालियन. घरात ‘जंगी पलटण’ एवढंच सांगत असतील तर ती १०३, ‘काळी पाचवी’ म्हणत असतील तर १०५. पण एका पलटणीत भरती झालेला जवान दुसऱ्या पलटणीची तूट भरायला सर्रास पाठवला जाई. त्यामुळे घरची आठवण आणि पदकाची कड जुळली नाही म्हणून पदक परक्याचं समजू नये.

पेटीत ‘डिस्चार्ज’चा कागद निघाला तर अर्धं काम झालं. त्यात नाव, बापाचं नाव, जात, गाव, तालुका, जिल्हा, भरतीची तारीख, उंची आणि अंगावरची खूण अशी माहिती सापडते. हा कागद फक्त जिवंत परतलेल्यांच्या घरी मिळतो. न परतलेल्यांसाठी गावच्या दप्तराकडे वळावं लागतं.

गावच्या दप्तराची सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करायची. नावांजवळ वर्तुळात लिहिलेले आकडे म्हणजे फेरफार क्रमांक. प्रत्येक फेरफार काढायचा, त्यात आधीच्या मालकाचं नाव मिळतं, मग त्याच्या नावावरचा फेरफार, असं मागे मागे जायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, आणि बहुतेक गावांचे फेरफार त्यानंतरच्या दशकांत सुरू होतात. नेमका महायुद्धाचा आणि त्याच्या वारसांचा काळ त्यात येतो. देशावर बऱ्याच ठिकाणी जमिनींच्या एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तिथे ही साखळी तुटते. ती जोडायला भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून एकत्रीकरणाचं पत्रक घ्यावं लागतं, त्यात जुना नंबर आणि नवा गट शेजारी शेजारी मिळतात. जुनी फेरफारबुकं तलाठ्याकडे नसून तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. अर्जात गाव, सर्व्हे नंबर, हवा तो काळ आणि ‘गाव नमुना ६, फेरफार नोंदवही’ असं स्पष्ट लिहावं. ‘पूर्वजांची माहिती मिळावी’ अशा अर्जाला उत्तर येत नाही, कारण त्या नावाचं रजिस्टरच कुणाकडे नाही. बऱ्याच तालुक्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर आले आहेत. फेरी मारण्याआधी तिथे पाहावं.

वारसाचा फेरफार नीट वाचला तर दोन-चार ओळींत एक घर उभं राहतं. ठराविक मजकूर असा असतो: अमुक हा अमक्या साली मयत झाला, वारस बायको अमुक व मुलगा अमुक, ‘अ. पा. क.’ आई. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा सज्ञान नव्हता, म्हणजे बाप तरुणपणी गेला. १९१५ ते १९२१ च्या आसपास असा फेरफार दिसला की तिथे थांबून प्रत्येक शब्द वाचायचा. घराच्या वंशावळीत या बायकोचं नाव सहसा नसतं. वंशावळी पुरुषांच्या, त्यामुळे विधवेचं नाव टिकतं ते फेरफारात. दुसरी खूण ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. सगळी जमीन थोरल्याच्या नावे ‘एकुमॅ’ म्हणून लागलेली असली की धाकट्या भावांचा मालकी सदरात पत्ताच नसतो, आणि फौजेत जाणारा बहुधा धाकटाच असे. अशा घरात सातबारा कितीही मागे नेला तरी शिपाई दिसणार नाही. तिथे गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, आणि शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर हेच आधार. कोतवाल बुकात बापाचं नाव, जात, वय आणि मृत्यूचं कारण मिळतं. त्याची पानं फार जीर्ण असतात आणि जुना भाग मोडीत असतो. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ नंतर अनेक जिल्ह्यांनी ही मोडी पानं स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकली. जातीच्या दाखल्यासाठी झालेलं ते काम पूर्वज शोधणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे, मग जात कोणतीही असो.

मोडी स्वतः वाचता आलेलं बरं. पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग असतात. ते जमलं नाही तर निदान आपलं आडनाव आणि गावाचं नाव मोडीत कसं दिसतं ते लिहून घेऊन पानांवरून नजर फिरवायची, वाचणाऱ्याला मोजकीच पानं द्यावी लागतात. सालांचं गणित पाठ हवं. शकात ७८ मिळवले की इसवी सन, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. महसुली कागदांतल्या दख्खनी फसली सनात ५९० किंवा ५९१, मराठेशाहीच्या कागदांतल्या सुहूर सनात ५९९ किंवा ६००. फसली आणि सुहूर ही दोन्ही मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतात, म्हणून महिना न पाहता साल फिरवलं तर एका वर्षाची चूक ठरलेली.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा वेगळाच खजिना आहे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथे घराण्याचा उपाध्या ठरलेला असतो आणि त्याच्या वहीत आडनाव व गाव यांनुसार यजमानांचे लेख असतात. लेख म्हणजे आलेल्या माणसानं लिहून दिलेली नोंद: आपलं नाव, बाप, आजा, भाऊ, चुलते, मुलं, कधीकधी बायका, आणि कशासाठी आलो ते. जाताना मूळ गाव सांगता आलं पाहिजे. शहरात स्थायिक झालेल्या घराला हीच अडचण येते, आणि ‘आम्ही मुंबईचे’ म्हटलं तर कोणतीच वही उघडत नाही. पूर्ण लेखाचा फोटो मागावा, नुसती नावं उतरवून घेऊ नयेत, कारण नात्याचे शब्द आणि तिथी मागाहून लागतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घरोघर येऊन वंशावळ वाचतात. त्यांच्या वाचनात अगदी जुन्या पिढ्यांत गौरवाचा भाग जास्त असतो, पण शेवटच्या पाच-सहा पिढ्या, कोण कोणत्या वाडीत गेला, कुणाचा वंश खुंटला, हे बहुधा नेमकं असतं. ‘निर्वंश’ म्हणून जी फांदी थांबली ती आमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची, न परतलेला तरुण तिथेच असतो.

आता हाताशी नाव, बाप, भाऊ, गाव, जुना तालुका आणि अंदाजे मृत्यूचा काळ असं एक पान तयार झालेलं असतं. तेव्हा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर जायचं. १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडे ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातल्या मृत सैनिकांच्या नोंदी आहेत, आणि त्या फुकट पाहता येतात. हिंदी, म्हणजे भारतीय, शिपायांच्या नोंदीत पुष्कळदा पूर्ण नाव आडनावाच्याच रकान्यात असतं. म्हणून नावाच्या रकान्यात ‘रामा’ आणि आडनावात ‘कदम’ टाकलं तर हाती काही लागत नाही. आम्ही नाव मोकळं ठेवतो, सैन्य ‘इंडियन’ निवडतो, युद्ध निवडतो आणि ‘ॲडिशनल इन्फर्मेशन’च्या रकान्यात तालुका किंवा गाव टाकतो. तिथे ‘अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, तालुका, जिल्हा’ असा मजकूर असतो. येणारी यादी उतरवून घेऊन तक्त्यात भरायची आणि बापाच्या नावानं लावायची. एका तालुक्याची यादी सबंध वाचायला एक संध्याकाळ पुरते, आणि ती वाचताना चुकीच्या स्पेलिंगमागचं आपलं नाव डोळ्यांना दिसतं. यंत्राला ते दिसत नाही.

स्पेलिंगचा घोळ मोठा आहे. कारकुनानं ऐकून रोमन लिपीत लिहिलेलं, म्हणून ‘ण’ आणि ‘न’ एक, ‘ळ’ आणि ‘ल’ एक, ‘ड’ आणि ‘द’ एक, ‘ध’ मधला ‘एच’ कधी आहे कधी नाही, ‘व’ ला कधी ‘व्ही’, कधी ‘डब्ल्यू’, कधी नुसता ‘ओ’. जाधव तीन-चार तऱ्हांनी सापडतो, पवार ‘पोवार’ होतो, चव्हाणातला ‘ह’ गळतो. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या शिपाई नामदेव जाधवांच्या आडनावाचंही स्पेलिंग सगळीकडे एकसारखं नाही, तिथे साध्या शिपायाची काय कथा. त्याहून दगा देतं पहिलं नाव. वंशावळीत लक्ष्मण, फौजेत लखू. वंशावळीत तुकाराम, फौजेत तुका. पांडुरंगाचा पांडू, रामचंद्राचा रामा. कोकणात आडनावही दोन असतात, घरचं कूळ एक आणि गावावरून पडलेलं ‘-कर’ दुसरं, आणि भरतीच्या वेळी कोणतं सांगितलं त्याचा नेम नाही.

जिल्हे तेव्हाचे घ्यायचे. रायगडऐवजी कुलाबा शोधायचा. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, त्यामुळे मालवण, देवगडचे शिपाई रत्नागिरीत मिळतात, तर सावंतवाडी हे संस्थान असल्यानं वेगळं. आज सांगलीत असलेले तासगाव, वाळवा, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही. जिल्हा लिहिलेला नसेल तर जवळची दुसरी गावं पाहूनच ते सोडवावं लागतं.

जुळणीचा आमचा नियम एकच आहे: नाव, बापाचं नाव आणि गाव ही तिन्ही जुळली तरच तो आपला. दोन जुळली तर नोंद ‘शक्य’ म्हणून बाजूला ठेवायची आणि चौथा पुरावा शोधायचा, म्हणजे नंबर, मृत्यूचा फेरफार किंवा पेन्शनचा कागद. एका गावात एकाच आडनावाचे दोन रामा असणं ही नेहमीची गोष्ट आहे. वर्षानुवर्षं शोधणाऱ्या माणसाला पहिली जवळची नोंद सापडली की ती आपली मानायची घाई होते. मग परक्याचा मृत्यू आपल्या वंशावळीत कायमचा जाऊन बसतो आणि पुढची पिढी तो खरा धरते.

मराठी नोंदींपैकी फार मोठा वाटा ‘बसरा मेमोरियल’चा निघतो. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या ४०,५०० हून अधिक जणांचं ते स्मारक १९२९ साली उभं राहिलं. त्याच्या भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली फक्त आकडा. आपल्या माणसाचं नाव भिंतीवर शोधायला जाऊ नये, ते नोंदवहीत आहे. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या आणि मेसोपोटेमियातल्या कुत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडल्या. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला, शरणागती २९ एप्रिल १९१६ ची. मृत्यूची तारीख या दोन दिवसांच्या मधली असेल तर माणूस बहुधा वेढ्यात गेला, त्यानंतरची असेल तर तुर्कांच्या कैदेत की वेढा फोडायला निघालेल्या कुमकेच्या फौजेत, हे तपासावं लागतं. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनं पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं स्कॅन करून खुली केली आहेत, कैदेची शंका असेल तर तिथेही नाव पाहावं.

पलटण आणि तारीख कळली की वॉर डायरी, म्हणजे पलटणीनं युद्धात रोज लिहिलेली नोंदवही, पाहायची. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, लंडनमधल्या क्यू इथे, ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत त्या आहेत, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ संकेतस्थळावरही शोधता येतात. डायरीत शिपायाचं नाव मिळेल ही आशा ठेवू नये. नावं साहेबांची असतात, शिपायांचे आकडे: इतके ठार, इतके जखमी. पण त्या दिवशी पलटण कुठे होती, पाणी होतं की नाही, चाल रात्री झाली की पहाटे, हे तासातासानं लिहिलेलं असतं.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिताना नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, पलटणीचं जुनं नाव आणि आपलं नातं हे सहा मुद्दे वरच द्यावेत. इतक्या जुन्या शिपायाची सविस्तर सेवापुस्तिका ठरावीक मुदतीनंतर नष्ट केलेली असते, म्हणून नेमकी मागायची ती ‘लाँग रोल’मधली, म्हणजे जवानांच्या नावांच्या नोंदवहीतली, नोंद. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय या पत्रव्यवहारात मदत करतं. पंजाबच्या शिपायांची गाववार रजिस्टरं लाहोर संग्रहालयात टिकली आणि २०२१ पासून ती ऑनलाइन आली. ती पाहून आपल्याकडेही तसं काही असेलच, असं धरून महिने घालवू नयेत.

पलटणीत सापडला नाही म्हणजे तो फौजेत नव्हता असं होत नाही. कोकणातले खलाशी जहाजांवर गेले, समुद्रात बुडालेल्यांसाठी मुंबईचं वेगळं स्मारक याच कमिशनच्या नोंदीत आहे. महार समाजाची भरती १८९० च्या दशकात बंद झाली होती. युद्धात १९१७ ला १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ ला मोडली, त्यामुळे तिचे जवान ‘मराठा’ शब्द टाकून कधीच मिळत नाहीत. खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी यांना ‘फॉलोअर’ म्हणत, आणि त्यांच्या नोंदी सप्लाय, ट्रान्सपोर्ट किंवा लेबर कोअरखाली असतात.

इंग्रजी अमलाच्या मागे जायचं असेल तर पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दप्तर. तिथे कागद रुमालांत बांधलेले आहेत, पागा आणि जमाव हे लष्करी विभाग आहेत, पण साध्या स्वाराचं नाव क्वचितच मिळतं. घराला इनाम किंवा वतन असेल तर इनाम कमिशनची कैफियत मागावी. १८५२ च्या कायद्यानं झालेल्या त्या चौकशीत इनामदाराला मूळ पुरुषापासूनची वंशावळ लिहून द्यावी लागे. ‘बालपरवेशी’ हा शब्द दिसला तर समजावं की घरचा कर्ता लढाईत पडला होता आणि मुलांच्या पालनासाठी नेमणूक मिळाली होती. पानिपतचा पूर्वज सांगणाऱ्या घरांनी आधी हा शब्द शोधावा.

सगळं करूनही कमिशनच्या यादीत नाव नसेल तर ते घालून घेण्याची सोय आहे. कमिशननं नेमलेल्या समितीनं एप्रिल २०२१ मध्ये मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० जणांचं स्मरण असमान रीतीनं झालं, आणि किमान १,१६,००० जणांची नावानिशी किंवा मुळीच नोंद झाली नाही. ही माणसं मुख्यतः आफ्रिका, आशिया आणि मध्यपूर्वेतली. अर्जाला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: माणूस सेवेत होता, आणि मृत्यू ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत झाला. सेवा संपल्यावर मृत्यू झाला असेल तर तो सेवेतल्याच जखमेनं किंवा आजारानं झाला हेही दाखवावं लागतं. रजेवर किंवा आजारी होऊन गावी परतला आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत घरीच गेला, असे जवान यादीतून सुटू शकतात. त्यांच्यासाठी कोतवाल बुकातली मृत्यूची ओळ हाच मुख्य पुरावा ठरतो. तिची तहसीलच्या शिक्क्याची नकल, शेजारी ओळीला ओळ देवनागरी लिप्यंतर, त्याखाली इंग्रजी भाषांतर, सोबत पदकाच्या कडेचे फोटो आणि वारसाचा फेरफार असा संच करावा. स्कॅन करताना पानाचा वरचा भाग, गावाचं नाव आणि साल असलेला, कापला जाणार नाही हे पाहावं. तो नसला तर ओळ कितीही स्पष्ट असो, ती कुठली आणि कधीची हे सिद्ध होत नाही आणि अर्ज परत येतो.